सोसायटीत गळतीवरून दोन गट पडलेत, मध्यस्थ बोलावून खरंच काही होतं का, की सरळ कोर्टात जावं?

तुम्ही लिहिलंय की नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहता, वरच्या बाथरूममधून तुमच्या किचनमध्ये ओल येते, वरचे म्हणतात आमचा संबंध नाही, कमिटी म्हणते तुमचं तुम्ही बघा, आणि आता सोसायटीत दोन गट पडून गणपतीची वर्गणीसुद्धा वेगवेगळी गोळा झाली. मी ठाण्याचा, मध्यस्थीचं ट्रेनिंग घेतलंय आणि जास्त करून सोसायट्यांचेच वाद माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, उपयोग होतो. पण मध्यस्थ म्हणजे जज नाही हे आधीच लक्षात घ्या. लोक फाईल घेऊन येतात, फोटो, नोटिसा, ग्रुपवरच्या मेसेजचे प्रिंटआऊट, आणि वाट बघतात की हे साहेब आता सांगतील कोण बरोबर ते. मी ते सांगत नाही, कारण सांगितलं की ज्याच्या विरोधात गेलं तो उठून जाणार, आणि दुरुस्ती तर शेवटी त्याच्याच बाथरूममध्ये करायची असते ना.

मी आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, शक्यतो त्यांच्या घरी, आणि तिथेच खरं काय ते कळतं. खालच्यांचं म्हणणं बऱ्याचदा पैशाचं नसतंच, "एकदा खाली येऊन बघा तरी" एवढंच असतं. वरच्यांना भीती असते की प्लंबरला एकदा आत घेतलं म्हणजे चूक आपली हे कबूल केल्यासारखं होईल, मग टाईल्स फुटणार, खर्च आपल्याच गळ्यात पडणार. ही भीती ग्रुपवर कुणी लिहीत नाही, तिथे फक्त "आमचा संबंध नाही" असं येतं.

माझं ठाम मत असं की पैशाचा विषय काढायच्या आधी दोन्ही घरांनी मिळून तपासणी करावी, प्लंबर दोघांनी मिळून ठरवावा आणि त्याची फी अर्धी अर्धी द्यावी, कारण एकाने आणलेल्या प्लंबरवर दुसरा कधीच विश्वास ठेवत नाही. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) असंच केलं. बाथरूम वापरायचं बंद ठेवून सुकू दिलं, नहाणी ट्रॅप (लादीतलं पाणी वाहून जायचं भोक) बंद करून लाल रंगाचं पाणी भरून ठेवलं, आणि वरचं जोडपं खालच्या किचनमध्ये येऊन बसलं. त्या वरच्या ताईंनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं की खाली ओट्यावर टब ठेवलाय, डबे सगळे प्लास्टिकने झाकलेत आणि शेगडी सरकवून भिंतीला लावलीय. पाणी लगेच आलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात गुलाबी डाग उमटला, आणि मग वाद घालायला काही उरलंच नाही. अडचण वेगळीच निघाली, काम होईपर्यंत बाथरूम बंद, आणि घरात आजारी सासूबाई. खालच्यांनी आपलं बाथरूम वापरायला दिलं, हे मी सुचवलंही नव्हतं.

तुम्ही एक गोष्ट आजपासून बघायला लागा, ओल नेमकी कधी वाढते. चोवीस तास सारखी ठिबकत असेल तर नळाच्या लाईनवर संशय, आंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅप किंवा लादीचे सांधे, आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. हे महत्त्वाचं आहे कारण खर्चाची वाटणी त्यावरच ठरते, मॉडेल बायलॉजप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या कॉमन पाईप-ड्रेनेज लाईनची गळती सोसायटीच्या खर्चाने, आणि घरातल्या संडास-सिंकची गळती संबंधित मेंबरच्या खर्चाने. म्हणूनच कमिटीला मध्यस्थ करू नका, कदाचित खर्च त्यांच्यावरच यायचा असतो. त्यांना चर्चेला मात्र बसवा.

दोन गटांचं म्हणाल तर ते गळतीमुळे कमी आणि ग्रुपमुळे जास्त पडतात असं मी बघत आलोय, म्हणून माझी पहिली अट ही की बोलणी चालू असेपर्यंत या विषयावर ग्रुपवर एक अक्षर नाही, दोन्ही बाजूंच्या समर्थकांनीसुद्धा नाही.

आता कायद्याचं. 2023 च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, परिसरातली शांतता बिघडवू शकतील अशा वादांसाठी, दोन्ही बाजूंची आधी संमती हवी आणि तीन मध्यस्थांचं पॅनल. पण त्यातून झालेल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची, म्हणजे बंधनकारक निकालाची, ताकद नाही. ती हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व, म्हणजे कोर्टात केस टाकण्याआधीचा, अर्ज करून लोकअदालतीत तडजोड नोंदवून घ्या, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच धरतात आणि त्यावर अपील नाही. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं त्यामुळे तुम्हाला ठाण्याचं प्राधिकरण, खारघरला असता तर रायगडचं लागलं असतं. आणि मारहाण, धमक्या किंवा बायकांना त्रास देणं असं काही झालं असेल तर मध्यस्थी नको, आधी पोलीस.

समझोता लिहिताना "दुरुस्ती करून देईन" असं मोघम लिहू नका. काम कुठलं, कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, पैसे कोण किती आणि कधी देणार, आणि पुढच्या पावसात परत ओल आली तर काय, हे सगळं लिहा, शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

तुम्ही अजून वकिलाची नोटीस पाठवली नसेल तर थांबा दोन-चार दिवस. संध्याकाळी वर जाऊन फक्त एवढंच विचारा की आपण दोघांनी मिळून एक प्लंबर बघायचा का, फी अर्धी अर्धी. नाही म्हणाले तर दोन्ही गटांना चालेल असं बिल्डिंगमधलं कुणी, एखादे निवृत्त सर किंवा सगळ्यांच्या घरी जाणं-येणं असलेल्या काकू, त्यांना सोबत घेऊन पुन्हा जा. तरीही नाहीच जमलं तर प्राधिकरणाकडे अर्ज करा, अर्जात काय काय लिहायचं ते कमेंटमध्ये विचारा, मी सांगतो.