‘चायनाटाउन’मध्ये गुन्हेगार मोकळा सुटतो, इव्हलिन मरते, मग खासगी गुप्तहेर गिटिसच्या तपासाचा उपयोग काय झाला?

(चित्रपट पाहिला नसेल तर आत्ताच थांबा, पुढे सगळा उलगडा आहे.)

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही सुन्न होऊन बसलो होतो आणि मलाही हाच प्रश्न पडला होता. दुसऱ्यांदा पाहताना लक्ष गेलं ते इव्हलिनचे पती आणि लॉस एंजेलिसच्या पाणीखात्याचे मुख्य अभियंते मलरे यांच्या बागेतल्या तळ्याकडे.

गिटिस पहिल्यांदा त्या घरी जातो तेव्हा मलरेंचं प्रेतही सापडलेलं नसतं. तळ्यात काहीतरी चमकतं. तो ते काढायला जातो, तेवढ्यात इव्हलिन येते आणि ते राहून जातं. जपानी माळी त्याला सांगत असतो की हे पाणी गवताला वाईट. पण त्याच्या जिभेवर ‘र’चा ‘ल’ होतो, त्यामुळे ‘ग्रास’चं ‘ग्लास’ ऐकू येतं. गिटिस तोच शब्द त्याला परत ऐकवतो आणि विषय सोडून देतो. पुढे कळतं की मलरेंच्या फुप्फुसांत खारं पाणी होतं. तळंही खाऱ्या पाण्याचंच, आणि तळाशी चमकत होता तो खुन्याचा चष्मा. म्हणजे उत्तर त्याच्या पायाशी पडलेलं होतं!

बरं, चष्मा हाती लागल्यावरही तो चुकतोच. खून इव्हलिननेच केला असं धरून तो पोलिसांना फोन करतो आणि तिला थपडा मारून बोलतं करतो. तिच्या तोंडून खरं बाहेर पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग तो इव्हलिनच्या बापाला, म्हणजे खरा खुनी असलेल्या नोआ क्रॉसला, एकटाच जाब विचारायला बोलावतो आणि शेवटी क्रॉसला चायनाटाउन या वस्तीपर्यंत, जिथे इव्हलिन मरते, घेऊन जायची वेळही त्याच्यावरच येते. म्हणून मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ याहूनही वाईट आहे: त्याचा तपासच तिला त्या रस्त्यावर नेऊन सोडतो. आणि आपणही त्याच्याबरोबर चुकतो, कारण प्रत्येक प्रसंगात तो आहे, त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. पटकथाकार रॉबर्ट टाउन यांना इव्हलिन वाचायला हवी होती; दिग्दर्शक पोलान्स्की यांनी शेवट बदलला. माझ्या मते पोलान्स्की बरोबर होते.

माझं बालपण दुष्काळी तालुक्यात, टँकरची वाट पाहण्यात गेलं. त्यामुळे यातला जमिनीचा व्यवहार मला खुनाइतकाच हादरवतो. पाणी येणार हे आधी ठाऊक असलेले लोक तहानलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी मातीमोल भावात घेतात, तेही वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर, त्यांना पत्ताही नसताना. नोंदणी कार्यालयात गिटिस पानावर पट्टी ठेवतो, मोठ्याने खोकतो आणि त्या आवाजाआड नोंद फाडून घेतो. तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन! कथा १९३७ची असली तरी मूळ त्याआधीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी सुमारे ३७५ किलोमीटर लांबच्या कालव्याने लॉस एंजेलिसला आणलं ते १९१३ साली, विल्यम मुलहॉलंड या अभियंत्याच्या देखरेखीखाली. मलरे हे आडनाव त्याच्याच नावाची आठवण करून देतं.

पुन्हा पाहाल तेव्हा रात्रीचा तो गाडीतला प्रसंग नीट पाहा. इव्हलिन थकून स्टिअरिंगवर डोकं टेकते, हॉर्न क्षणभर वाजतो आणि ती दचकून मान वर करते. शेवटी तोच हॉर्न वाजतो, आणि वाजतच राहतो.