कॅल्शियमची बाटली लावायला अर्धा तास कशाला?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) गाय चौथ्या वेताला व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जी बसली ती उठेचना. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. डॉक्टर आले, शिरेतून कॅल्शियम लावलं पण थेंब थेंब, आणि अर्धा तास छातीला नळी लावून बसले. गाय उठली म्हणा, पण फी ऐकून मीच बसलो! शेजारचे अण्णा म्हणतात मेडिकलमधून बाटली आण, आपलं पोरगं पाच मिनिटात सोडतं. पुढच्या वेळी तसं केलं तर चालेल का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नाही चालणार दादा. गायीला झाला होता तो दुधी ज्वर, नावात ज्वर असला तरी यात अंग उलट गार पडतं. व्याल्यावर चीक आणि दूध एकदम सुटतं, त्यात रक्तातलं कॅल्शियम इतकं ओढलं जातं की हाडातून तेवढ्या वेगानं भरून येत नाही आणि स्नायू ढिले पडतात. तिसऱ्या वेतापुढच्या जास्त दुधाच्या गायी यात जास्त सापडतात, तेही बहुतेक पहिल्या ७२ तासांत.

आता बाटलीचं. ४५० मिली कॅल्शियम शिरेतून घाईघाईनं गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि गाय जागच्या जागी मरू शकते, म्हणून डॉक्टर ठोके ऐकत होते, ते चुकायला लागले की बाटली खाली घ्यायची नाहीतर बंद करायची. हे अण्णांच्या पोराला कसं कळणार? बरं, बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमचीच असते असंही नाही, विषारी कासदाह (कासेला जंतूंमुळे येणारी जोराची सूज) किंवा व्याताना मार लागलेला असेल तर उपचार वेगळेच. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं असा उपचार नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचा असतो. फी जास्त वाटली तर आधी फोनवर विचारा ना, त्यात लाज कसली.

डॉक्टर येईपर्यंत गाय आडवी पडू देऊ नका, पोत्यांचा टेका देऊन छातीवर बसवा नाहीतर पोट फुगतं. आणि तोंडातून काही म्हणजे काही पाजू नका, गूळपाणीसुद्धा नाही, तिला नीट गिळता येत नाही आणि ते सरळ फुप्फुसात जातं. उठल्यावर पहिले एकदोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, वासरापुरतं काढा. एवढं करूनही काही गायी पुन्हा बसतात, तेव्हा वाट न बघता लगेच फोन करा.

अजून एक, भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असतं तेव्हा) बादलीभर कॅल्शियम टॉनिक पाजायची जी फॅशन आलीय ती शेवटच्या दोनतीन आठवड्यांत तरी बंद ठेवा. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यावर गाय तिथंच अडकते. त्या दिवसांत कोणतं खनिज मिश्रण द्यायचं ते गाय आटवतानाच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.