पर्वरीत राहायला निघालेल्या मुलीला

प्रिय बाय,

खोली पर्वरीला, ऑफिस पणजीत, अंतर पाचेक किलोमीटर, म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं तू लिहिलंयस. दहा मिनिटं लागतात खरी, पण रविवारी पहाटे. एरवी साडेआठनंतर अख्खा बार्देस तालुका मांडवीच्या पुलाकडे सुटतो, त्यात हमरस्त्यावर उड्डाणपुलाचं काम. पर्वरीतल्या विधानसभेचं अधिवेशन असलं तर विचारूच नकोस. तू पावणेआठला घराबाहेर पड. ऑफिसात आधी पोचून चहा पिणं हे पुलावर धूर पिण्यापेक्षा बरं.

स्कूटर लगेच घेऊ नकोस. घेतलीसच, तर मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या पुलावरूनच जावं लागेल. संध्याकाळी पणजीच्या कदंब बसस्टँडवर म्हापशाच्या शटलची रांग भराभर सरकताना दिसेल. मोह आवर. शटल थेट म्हापशाला जाते, पर्वरीला थांबत नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मीसुद्धा गप्पांच्या नादात तीत चढलो आणि म्हापशाहून उलटा आलो. घरी अजून हसतात. कंडक्टर ‘फुडें वच, फुडें वच’ (पुढे सरका) ओरडत असतो ती खाजगी बस आपली. रात्री आठनंतर मात्र या बसा विरळ होतात.

माझं मत विचारशील तर आठवड्यातून एकदा तरी उतार उतरून नदीकाठच्या बेतीला जा आणि पणजीची फेरीबोट धर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आमचं ऑफिस, बाजार, दवाखाना, सगळं या फेरीवर आलं. भर पावसात छत्रीला छत्री अडकायची, कोणाची तरी मासळीची पिशवी आपल्या पँटीवर गळायची. पण पलीकडच्या वाड्यावर कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, ते धक्क्याला लागेपर्यंत कळायचं. आता माझ्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर कोण राहतं ते मला पार्किंगच्या भांडणातून कळलं.

आणखी एक. पर्वरी म्हणून एकच पंचायत नाही. काही भाग सुकूरकडे, काही पेन्ह द फ्रांसकडे, काही साल्वादोर द मुंदकडे. तुझी बिल्डिंग कोणाच्या हद्दीत ते घरमालकाला आजच विचार, कारण कचऱ्याची तक्रार चुकीच्या दारात नेलीस तर दोन सुट्ट्या फुकट जातील. वस्ती पठारावरची आहे, उन्हाळ्यात नळाकडे लक्ष ठेव, एक पिंप भरून ठेवत जा.

दिवसा या वस्तीत म्हातारे, वॉचमन आणि मांजरं. तू त्यांना दिसणार नाहीस, ती तुला दिसणार नाहीत. अपवाद पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा. सकाळी त्याचा भोंगा वाजला की खाली जा, चार शब्द बोल. उंडे (गोल पाव) संपत आले तरी ओळखीच्यांसाठी तो दोन मागे ठेवतो. रोज उतरायला जमलं नाही, तर फाटकाला पिशवी बांधून ठेव, हिशेब महिन्याला.

गणेशचवथीच्या आदल्या दिवशी तू सत्तरीला घरी जाशीलच. तुझी अर्धी बिल्डिंगही आपापल्या गावी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला गेलेली असेल. जाण्याआधी पोदेराला सांगून जा. मी एकदा विसरलो होतो, पाच दिवसांनी पिशवीत उंड्यांचे दगड झालेले सापडले.

तुझे सर