फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावावर घ्यावा का, आणि व्यवहार कोणी ठरवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट तुम्हाला गुंतवणूक म्हणून घ्यायचा आहे, तुम्ही दोघेही नोकरी करता, आणि मुद्रांक शुल्क वाचावे म्हणून तो एकट्या तुमच्या नावावर घ्यावा असे तुमच्या पतीचे म्हणणे आहे. शिवाय, बायका फार भित्र्या असतात, व्यवहार पुरुषांनीच ठरवावा, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. या सल्ल्याबद्दल आधी लिहिते, कारण नुकसान तिथेच जास्त होते.

पॉल गोल्डस्मिथ-पिंकहॅम आणि केली शू या येल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तपासल्या. एकट्या पुरुषांना घराच्या गुंतवणुकीवर एकट्या स्त्रियांपेक्षा वर्षाला सुमारे दीड टक्का जास्त परतावा मिळतो, असे त्यांना आढळले. यातला निम्म्याहून थोडा कमी फरक घर कुठे आणि केव्हा घेतले यावरून पडतो. उरलेला मुख्यतः किमतीतून येतो: तेच घर स्त्रीला थोडे महाग पडते आणि विकताना तिला थोडे कमी मिळते. जिथे घरांना इतकी मागणी असते की घासाघीस करायला वावच उरत नाही, तिथे हा फरक कमी होतो. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे पुण्याला लावता येणार नाहीत. पण तोटा भित्रेपणाचा नसून बराचसा भाव ठरवतानाचा आहे, हे त्यातून दिसते, आणि मला तरी ते आपल्याकडच्या अनुभवाशी जुळणारे वाटते.

बिल्डरच्या ऑफिसात काय होते ते नीट पाहा. फ्लॅट बाईच्या नावावर होणार असतो, हप्तेही तिच्याच पगारातून जाणार असतात, तरी दराचा कागद नवऱ्यासमोर सरकवला जातो आणि तिला सॅम्पल फ्लॅटमधला ओटा आणि ड्राय बाल्कनी दाखवायला नेले जाते. ती परत येईपर्यंत आकडा जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून तो दराचा कागद, म्हणजे कॉस्ट शीट, तुम्ही स्वतः हातात घ्या आणि ओळीओळीने विचारा: दर कार्पेट एरियावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) किती पडतो, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार) किती, क्लब हाऊसचे किती, आगाऊ मेंटेनन्स किती महिन्यांचा, जीएसटी धरला आहे की वेगळा. उघड्या पार्किंगचे पैसे लावले असतील तर ती ओळ काढायला सांगा, कारण उघडी पार्किंगची जागा बिल्डरला विकता येत नाही. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याने बिल्डरला ती मागताच येत नाही.

आता नावाचा मुद्दा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. म्हणजे पुणे शहरात ७ ऐवजी ६ टक्के, तुमच्या बाबतीत ७० हजार रुपये. असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही ही सुरुवातीची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे त्याची चिंता करू नका. मात्र करारनाम्यात पतीचे नाव आले की सवलत जाते. आणि नाव नसेल तर ते हप्ते भरत असले तरी मालक नसल्यामुळे आयकराच्या जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्यांना मिळत नाही. उलट, त्यांनी तुम्हाला पैसे दिले आणि त्यातून घर तुमच्या नावावर झाले, तर त्या प्रमाणात भाडे आयकरासाठी त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते. तेव्हा फक्त ७० हजारांकडे पाहून ठरवू नका. हप्ते खरोखर तुमच्या पगारातून जाणार असतील तर एकटीच्या नावावर जरूर घ्या. डाऊन पेमेंट आणि हप्ते तुमच्याच खात्यातून जाऊ द्या आणि बँकेचे उतारे जपून ठेवा. दोघांचे पैसे लागणार असतील तर दोघांची नावे टाका, आणि शक्य असेल तर वाटाही करारनाम्यात टक्क्यांत लिहून घ्या. नाव तुमचे, पैसा त्यांचा आणि निर्णयही त्यांचा, ही व्यवस्था मला मान्य नाही. पुढे मतभेद झाले तर त्यात दोघांचीही फरफट होते.

ज्याबद्दल फार कमी बोलले जाते असा एक फरक कायद्यातच आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी आणि मुलांबरोबर त्याची आईही पहिल्या वर्गातली, म्हणजे सर्वात आधी हक्क असलेली, वारस असते. हिंदू स्त्री तशीच गेली आणि मागे पती किंवा मुले नसतील, तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर पहिला हक्क पतीच्या वारसांचा येतो, तिच्या आईवडिलांचा त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये निकाली निघालेले एक प्रकरण मी विसरू शकत नाही. लग्नानंतर थोड्याच काळात एक स्त्री विधवा झाली, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले, माहेरी राहून ती शिकली आणि नोकरी करून तिने पैसा जमवला. ती मृत्युपत्र न करता गेली, आणि तिची सगळी पुंजी तिच्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलमच तसे आहे.

म्हणून फ्लॅटची नोंदणी झाली की त्याच महिन्यात मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावरही ते चालते, नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांसमोर सही हवी, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. सोसायटीत नॉमिनेशन केले म्हणजे काम झाले असे समजू नका. नॉमिनी वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळतो, तेवढ्याने तो मालक होत नाही.