कंबर कडकड मोडून घ्यायची का?

प्रश्न: मुलगा 16 वर्षांचा, फास्ट बॉलर, तीन आठवडे कंबर दुखतेय. रील बघून म्हणतो कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटके देऊन मणके, सांधे कडकड मोडणारा) जाऊन एकदा मोडून घेतो. पाठवू का?

उत्तर: ताई, आत्ता नको. या वयातल्या फास्ट बॉलरला मणक्यात बारीक फ्रॅक्चर असू शकतं, बहुतेकदा बॉलिंगच्या हाताच्या उलट बाजूला, मागे वाकलं की कळ येते आणि साध्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही, म्हणून आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, एमआरआय लागतो का विचारा. तोवर बॉलिंग बंद, कितीही तोंड फुगवलं तरी! आणि तो कडकड आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो हां, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा असतो. फ्रॅक्चर नसेल, नुसती कंबर धरली असेल तर असं मोडून घेऊन थोडा आराम पडेलही, पण सोबत व्यायाम हवाच. मानेला झटका मात्र देऊ देऊ नका.