स्की रिसॉर्टवर बर्फ तयार करणाऱ्या क्रूमध्ये काम करणं कसं असतं? स्कीइंग येत नसेल तरी भारतातून जाऊन हे काम मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की वय 24, मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि वर दोन वर्षं डिग्रीची झालीत, बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय, आणि त्या मोठ्या पंख्यांतून बर्फ उडतानाचे व्हिडिओ बघून हे काम करावंसं वाटतंय. मी 2025 चा हंगाम, म्हणजे जून ते सप्टेंबर, ऑस्ट्रेलियातल्या स्नोई माउंटन्समध्ये एका रिसॉर्टच्या स्नोमेकिंग क्रूवर काढला. रिसॉर्टचं नाव घेत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणंही काढणार आहे.

स्कीइंग येत नाही याची काळजी सोडा. तुम्ही कधी रात्री शेताला पाणी भरलंय का, ते सांगा. मी निफाडचा. आमच्याकडे आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची लाईट. बारा-एकला उठायचं, मोटर चालू करायची, द्राक्षाच्या ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, गव्हाला दारं धरायची, आणि कुठे पाइप निसटला, कुठे फिल्टर तुंबला हे बघत बॅटरी घेऊन हिंडायचं. व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत मला विचारलं, थंडीत, रात्री, एकट्याने काम केलंय का? मी हे सगळं सांगितलं. समोरच्या बाईने मान खाली घालून लिहून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी ईमेल आला.

आता काम काय असतं ते. डोंगरउतारावर जमिनीखालून दोन पाइपलाइन गेलेल्या असतात, एक पाण्याची आणि एक दाबातल्या हवेची. ठरावीक अंतरावर हायड्रंट, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं त्या लाइनचं तोंड. त्याला होस जोडायचा, होसला गन. गन दोन प्रकारच्या: एक पंख्याची, दिसायला जेटच्या इंजिनासारखी, तिला हवेची लाइन लागत नाही कारण छोटा कॉम्प्रेसर तिच्यातच असतो. दुसरी उंच खांबासारखी, तिला लान्स म्हणतात. उंची यासाठी की थेंब खाली पडेपर्यंत जास्त वेळ हवेत राहिला पाहिजे. स्वच्छ पाण्याचा बारीक थेंब शून्याच्या खाली गेला तरी पटकन गोठत नाही, त्याला गोठायला काहीतरी निमित्त लागतं. म्हणून काही नोझलमधून हवा आणि पाणी एकत्र सोडतात. दाबातली हवा बाहेर सुटताच पसरते, गार होते आणि तिच्यातले थेंब तिथेच गोठतात. हे झालं बी. बाकीचे थेंब त्या बियांना चिकटून खाली येईपर्यंत बर्फ होतात. म्हणजे पेरणीच, फक्त हवेत.

तुम्हाला वाटेल थंडी पडली की गन सुरू. तसं नाही. क्रूवर दिवसभर एकच आकडा तोंडी असतो, वेट बल्ब. आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे माठ आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं, जुलैत होत नाही. तापमान आणि हवेचा दमटपणा मिळून जो आकडा येतो तो वेट बल्ब. साधारण उणे 2 च्या खाली गेला की बर्फ बनवता येतो. त्यामुळे बाहेर उणे 1 आणि दमटपणा 95 टक्के असेल तर आम्ही पत्ते कुटत बसायचो, आणि अधिक 1 असून हवा कोरडी, 40 टक्के, असेल तर धावपळ. उणे 7-8 मिळालं तर मग एका रात्रीत, उणे 3 च्या कितीतरी रात्रींचं काम निघतं. आणखी एक गंमत: निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा घरंगळत दरीत साठते. वरच्या टोकाला गन बंद आणि पायथ्याला जोरात चालू, असं बरेचदा व्हायचं. निफाडला सखल भागातल्या बागांनाच आधी दव गोठल्याचा फटका बसतो आणि तिथेच शेकोट्या आधी पेटतात, तोच हिशेब.

ऑस्ट्रेलियात हे सगळं इतकं नाजूक का, तर डोंगर बुटके आहेत. थ्रेडबो हे तिथलं प्रसिद्ध स्की गाव 1,365 मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपलं महाबळेश्वर. कळसूबाई त्याहून उंच! देशातलं सर्वांत उंच शिखर कोसियुस्को, तेही 2,228 मीटर. बर्फ पडतो तो विषुववृत्तापासून लांब असल्यामुळे, पण भरवशाचा नाही. म्हणून जूनमधल्या लाँग वीकेंडला हंगाम उघडायचा तर पाया आम्हीच घालायचा.

रात्रीची शिफ्ट आमच्याकडे बारा तासांची होती. नव्या गन कंट्रोल रूममधून आपोआप चालतात, शेजारच्या हवामान यंत्राचा आकडा बघून पाणी कमी-जास्त करतात. तरी दर दीड-दोन तासांनी प्रत्येक गनपाशी माणूस जावाच लागतो, कारण वारा फिरला की गन स्वतःलाच गाडून घेते, किंवा बर्फ झाडीत टाकते, किंवा नोझलवर काचेसारखा बर्फ चढतो. आणि बर्फ कोरडा पडतोय की ओला, हे अजून बाहीवरच बघतात. गनच्या फवाऱ्याखाली, थोडं लांब, जिथे बर्फ खाली टेकतो तिथे जाऊन उभं राहायचं, काळ्या जॅकेटची बाही पुढे धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. दाणे टणाटण उडून गेले तर कोरडा, पाणी आणखी सोडता येईल. चिकटून पांढरी साय धरली आणि हात झटकल्यावर निघाली तर बरोबर. बाही ओली होऊन चकाकायला लागली तर पाणी कमी करा, नाहीतर सकाळी तिथे बर्फाऐवजी काचेची लादी मिळेल. पहिल्या आठवड्यात मला तिन्ही सारखेच वाटायचे. आमची शिफ्टप्रमुख, पन्नाशीची बाई, अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायची.

आता माझा पराक्रम. लान्स सुरू करताना आधी हवा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग हवा, म्हणजे राहिलेलं पाणी हवेने फुंकून निघतं. त्यानंतर होस सोडून, उताराला पसरून पूर्ण रिकामा करायचा. दुसऱ्याच आठवड्यात, पहाटे चारला, मी हवा आधी बंद केली आणि होस तसाच टाकून पुढच्या गनकडे गेलो. वीस मिनिटांनी आलो तर होस म्हणजे लोखंडी नळ. वाकेना. तो स्लेजवर आडवा घालून पंपहाऊसपर्यंत नेला, तिथे वितळवला, आणि त्या दिवसापासून क्रूवर माझं नाव ‘पाइप’. हायड्रंटची चाकंही गोठतात, त्यासाठी गॅसचा टॉर्च बरोबर असतो.

गोठलेल्या होसवर हसता येतं, दाबावर येत नाही. आपल्या ठिबकला एखादा बार दाब असतो. इथे हायड्रंटवर 30-40 बार. कपलिंग नीट बसलं नसेल आणि व्हॉल्व्ह उघडला तर होस सापासारखा उसळतो. दुसरं भय ग्रूमरचं. रात्री बर्फ सपाट करणारी ती रणगाड्यासारखी यंत्रं तीव्र उतारावर वर बांधलेल्या पोलादी दोरावर काम करतात. दोर किलोमीटरभर लांब, अंधारात दिसत नाही, आणि ताण आला की बर्फातून एकदम वर उठतो. रेडिओवर विचारल्याशिवाय त्या उतारावर पाय ठेवायचा नाही. हा नियम मोडणाऱ्या एका पोराला आमच्या शिफ्टप्रमुखाने त्याच रात्री घरी पाठवलं, आणि बरं केलं.

उरलेला वेळ चालणं. बुटाखाली काट्यांची पट्टी, अंगावर रबरी सूट, तो गोठून पत्र्यासारखा वाजतो. एकदा रात्री तीनला हेडलॅम्पच्या उजेडात एक वॉम्बॅट, म्हणजे तिथला बिळात राहणारा जाडजूड प्राणी, आला, डुकराएवढा, गनच्या आवाजाची जराही फिकीर न करता नव्याकोऱ्या बर्फावरून तिरका चालत गेला. मागे त्याची लेंडी. चौकोनी! खरंच चौकोनी असते, मी बुटाने उलटवून बघितली.

पाण्याचा प्रश्न मला घरून पहिल्याच फोनवर आला. एक हेक्टरवर एक फूट बर्फ घालायला साधारण साडेतेरा लाख लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 135 टँकर. मराठवाड्यातल्या माणसाला हे ऐकून राग येईल, मलाही आला होता. बाजू एवढीच की ते ओढ्या-तळ्यातून उचललेलं पाणी असतं आणि वसंतात वितळून बहुतेक त्याच खोऱ्यात परत जातं. खरा खर्च विजेचा. वडिलांनी मात्र पाण्याचं सोडून विचारलं, मोटर किती एचपीची? मी पंपहाऊसमधल्या एका पंपाची पाटी वाचून सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता.

हा बर्फ नकली नसतो, पण वेगळा असतो. पाकळ्यांचे फुलोरे नाहीत, बारीक गोळ्या. ताज्या पडलेल्या बर्फापेक्षा चार-पाच पट जड, म्हणून टिकतो जास्त. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा 1980 ला लेक प्लॅसिडला वापरला, आणि 2022 ला बीजिंगमध्ये जवळजवळ सगळाच बर्फ असा होता.

आता पैसे. 1 जुलै 2025 पासून ऑस्ट्रेलियातलं किमान वेतन तासाला 24.95 ऑस्ट्रेलियन डॉलर होतं, कॅज्युअल, म्हणजे शिफ्टपुरते कामावर, असाल तर त्यावर 25 टक्के जास्त. मी गेलो त्या वर्क अँड हॉलिडे व्हिसावर (त्याचं पुढे सांगतो) साधारण पहिल्या 45,000 डॉलरवर 15 टक्के कर. मालक वर 12 टक्के ‘सुपर’, म्हणजे आपल्या पीएफसारखं, भरतो, पण देश सोडताना काढायला गेलात की त्यातले 65 टक्के सरकार कापतं. ते आपले पैसे धरूच नका.

तासाचा आकडा बघून रुपयांत गुणाकार करू नका, मी केला होता. कॅज्युअल माणसाला शिफ्ट नाही तर पगार नाही. जुलैत सलग आठ दिवस ढग आणि दमट वारा, वेट बल्ब शून्याच्या वर, गन सगळ्या मुक्या. आम्हाला त्या आठवड्यात जाळ्या लावायला आणि फावड्याने जिने साफ करायला दोन दिवस बोलावलं. भाडं मात्र सातही दिवसांचं, आणि तेही पगारातूनच कापून. मी जिंडाबाईन गावात चौघांच्या खोलीत बंकवर होतो. हंगामात तिथे खोल्या इतक्या महाग की काही जण व्हॅनमध्ये झोपायचे. (जुनं जिंडाबाईन साठच्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलंय, तळ्याकाठी बसलं की मला उजनीच आठवायची.) शिवाय पहिल्या पगारात माझ्या दोन रात्रींचे तासच धरले नव्हते. मी वहीत रोज वेळ लिहून ठेवत होतो म्हणून तीन आठवड्यांनी मिळाले, माझ्या रूममेटचे बुडाले. वही ठेवा. ऑगस्ट संपता संपता स्नोमेकिंग थांबतं, क्रू कमी करतात. मी शेवटचे तीन आठवडे स्की लिफ्टवर, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या खुर्च्यांवर, लोकांना बसवायचं काम मागून घेतलं.

फुकटचा स्की पास मिळतो. रात्रभर काम करून सकाळी सातला डोंगरावर जायची ताकद कितीदा राहील ते तुम्ही ठरवा. मी चार वेळा गेलो, दोनदा उभा राहिलो. स्कीइंगच करायचं असेल तर सरळ लिफ्टचं काम घ्या.

भारतीयांना हा रस्ता नवा आहे. वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास 462, आपल्याला 2024 पासून खुला झाला. वर्षाला 1,000 जागा आणि म्हाडासारखी सोडत. वय 18 ते 30, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीची परीक्षा, खात्यात साधारण 5,000 डॉलर. एका मालकाकडे सहा महिन्यांची मर्यादा, स्कीचा हंगाम त्यात बसतो. अर्ज रिसॉर्टच्या संकेतस्थळावर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत टाका. व्हिसासाठी किंवा नोकरीसाठी एजंटने लाख-दोन लाख मागितले तर फोन ठेवा. सोडतीत नाव घालायची फी 25 डॉलर आहे, ती तुम्ही स्वतः भरू शकता.

न्यायचं काय, तर लोकरीचे मोजे भरपूर, आणि हेडलॅम्पचे जास्तीचे सेल शर्टाच्या आतल्या खिशात, थंडीत ते तासाभरात मान टाकतात. रबरी हातमोजे तिथेच घ्या, दोन जोड. बुटांवर खर्च करण्याआधी मला मेसेज करा, माझे 9 नंबरचे आहेत, एकच हंगाम वापरलेले.