दुष्काळात महापालिकेने घातलेल्या पाणीबंधनांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कडक अंमल हवा. केपटाउनचं बघा. सलग तीन वर्षं पाऊस कमी पडल्यावर तिथल्या महापालिकेने 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घातली. बागेला, गाडी धुवायला नळाचं पाणी बंद. बेसुमार वापर करणाऱ्या घरांच्या मीटरवर यंत्र बसवलं. दिवसाचा कोटा संपला की धार बंद. लोक अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओतायचे. काही वर्षांतच शहराचा वापर जवळपास निम्म्यावर आला, नळ कोरडे पडायची वेळ टळली.

आपल्याकडे 2016 मध्ये लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. म्हणून मला वाटतं, कपात मार्चमध्ये नको, पावसाळा संपताच धरणातला साठा बघून जाहीर व्हावी.